शेक

आमच्या गावात रेडिएशन कोणी म्हणत नाही.
शेक म्हणतात.
"ढोलेमामाले किती शेक झाले?"
जसा गुडघ्याला विटेचा,
बाळंतिणीला शेगडीचा.
तेहतीस सांगितले होते.
एसटीच्या पासामागे मी रेघा मारायचो,
चार उभ्या, एक आडवी,
दुधाच्या हिशेबासारख्या.

पहाटेची आर्वी-वर्धा.
सावलीच्या बाजूची खिडकी मामाजींना.
मानेला प्रणिताच्या जुन्या लुगड्याची घडी,
कारण कातडी भरताच्या वांग्यासारखी झाली होती.
हे शब्द त्यांचेच.
अकराव्या शेकापर्यंत ते विनोद करत होते.

देवमन ढोले, आचारी.
पाचशे पानांची भाजी एका अंदाजावर.
चाखायची रीत अशी:
झाऱ्यावरून थेंब तळहातावर,
तळहात जिभेला,
डोळे बंद.
डाव्या गालात खर्रा, उजवीकडून चव.
निघालं ते डावीकडे.

आत नेताना तोंडावर जाळीचा मुखवटा आवळतात.
बाहेर आले की कपाळभर, गालभर
अनारशाची जाळी उमटलेली.
मला ती पाहवत नसे.
धोंड्याच्या महिन्यात ह्याच माणसाने
मला पाटावर बसवून अनारसे वाढले होते,
नको म्हटलं की आणखी दोन.

आता मी वाढतो.
ज्वारीच्या कण्यांची पेज, दोनदा गाळलेली,
सिरिंजने, नाकातल्या नळीतून,
त्यांच्या डोळ्यांकडे बघत, हळू.
नको म्हणायला त्यांना तोंड नाही.

रात्री दर दोन तासांनी मोबाइल वाजतो.
कोमट पाणी, चिमूट सोडा, चिमूट मीठ.
लाळेची तार तुटत नाही,
पाक जास्त झाल्यासारखी.
मी ती बोटाने, फडक्याने ओढून काढतो
आणि ते दुसरीकडे बघतात.
प्रणिता दारातूनच परत जाते.
बापाचं तोंड तिने एकदाच उघडं पाहिलं,
मग भांडी घासत बसली. घासलेलीच.

विसाव्या शेकाच्या दिवशी
वर्ध्याच्या स्टँडमागे मी पुडी फोडली.
गडबडीत अर्धीच, थुंकून, तीनदा चूळ भरून
बाजूला येऊन बसलो.
जीभ गेली होती, नाक शाबूत होतं.
पुलगाव येईपर्यंत ते गप्प.
मग पासाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं:
सुपारी ओली होती.
बस्स, एवढंच.
मला रागावले असते तर बरं झालं असतं.

तेहतिसावी रेघ मी मारलीच नाही,
विसरलो.
वाटलं होतं संपेल.
शेक संपल्यावर चूल विझते,
भांडं किती तरी वेळ शिजतच राहतं,
हे आचाऱ्याला सांगावं लागलं नाही,
मला लागलं.

चार महिन्यांनी नळी नव्हती.
शेजारच्या बारशाला ते काठी टेकत गेले
आणि नव्या पोराला बाजूला सारून कढईपाशी बसले.
वासावर तेल ओळखलं, रंगावर तिखट.
मिठापाशी अडले.
मला खूण केली.
झाऱ्यावरून थेंब,
माझ्या तळहातावर.

"बरोबर आहे," मी म्हणालो.
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही,
भुवयांकडे पाहिलं,
आणि अर्धी मूठ मीठ आणखी टाकलं.

"जिभेले जपा, जवाईबुवा,"
अर्धं तोंड उघडून, घासत आलेला आवाज,
"आता थे दोघायची हाय."

पंगत बसली. लोक बोटं चाटत होते.
मामाजी मांडवाच्या कडेला,
सोड्याच्या पाण्याची बाटली मांडीत,
चूळ भरत
एकेकाचं पान बघत होते,
कुणी काय टाकलं ते.
माझ्या शर्टाच्या खिशात एक पुडी होती.
ती कुठे टाकावी
ते मला त्या गर्दीत सुचत नव्हतं.